बुद्ध्यांक आधी ११८, नंतर १०९: खरा कोणता, आणि मुळात मोजतात तरी काय?

प्रश्न असा आहे: एका मुलाचा बुद्ध्यांक नवव्या वर्षी एका चाचणीत ११८ आला आणि अकराव्या वर्षी दुसऱ्या चाचणीत १०९. दोन्ही चाचण्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांनी समोर बसवून घेतलेल्या. मग खरा आकडा कोणता? मधल्या दोन वर्षांत बुद्धी कमी झाली का? आणि मानसशास्त्रज्ञ बुद्धिमत्ता म्हणून नेमकं काय मोजतात?

आधी उत्तर देतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि बुद्धी कमी झाली असं मानायला एवढ्याने कारण मिळत नाही. आता हे असं का, ते पाहू.

पहिला गैरसमज 'मोजणं' या शब्दातच दडलेला आहे. बुद्ध्यांक हे वजनासारखं माप नाही. वजनाला शून्य असतं, म्हणून ६० किलो हे ३० किलोच्या दुप्पट असतात. बुद्ध्यांकाला असं शून्य नाही, त्यामुळे १२० वाला ६० वाल्याच्या दुप्पट हुशार हे वाक्य निरर्थक आहे. बुद्ध्यांक म्हणजे रांगेतली जागा. त्याच वयाच्या मुलांच्या एका प्रातिनिधिक गटात हे मूल कुठे उभं आहे, एवढंच तो सांगतो. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचं माप) १५ असं आपणच ठरवलेलं आहे. या मोजपट्टीवर ११८ म्हणजे १०० पैकी सुमारे ८८ मुलं मागे, आणि १०९ म्हणजे सुमारे ७३ मागे. ८५ ते ११५ या पट्ट्यात दोन तृतीयांशांहून थोडी जास्त माणसं येतात. १३० च्या वर जेमतेम २ टक्के, ७० च्या खालीही तेवढीच.

व्याख्येबद्दल थोडक्यात. १९२१ मध्ये एका अमेरिकन शैक्षणिक नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना बुद्धिमत्तेची व्याख्या विचारली, तर जवळजवळ प्रत्येकाने वेगळी दिली. दोनच वर्षांनी मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंगने वैतागून लिहिलं की बुद्धिमत्तेच्या चाचण्या जे मोजतात ती बुद्धिमत्ता. हे वाक्य लोक टिंगलीसाठी वापरतात, पण बोरिंगला म्हणायचं होतं ते एवढंच की मोजमाप हातात आहे तर तिथून सुरुवात करू, व्याख्या मागाहून घट्ट होईल. आणि झालंही साधारण तसंच. आज बहुतेकांना मान्य असलेला गाभा असा: तर्क करणं, नवी अडचण सोडवणं, अमूर्त कल्पना हाताळणं, अनुभवातून लवकर शिकणं. शहाणपण, चांगुलपणा, चिकाटी, कलेची जाण यात नाही. त्या गोष्टी कमी मोलाच्या आहेत म्हणून नव्हे, त्या वेगळ्या आहेत म्हणून.

व्याख्येपेक्षा भक्कम गोष्ट आकड्यांत सापडली. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमनने दाखवलं की एका बौद्धिक कामात पुढे असणारी मुलं सरासरीने दुसऱ्या कामातही पुढे असतात. शब्दसंग्रह, आकृत्यांची जुळणी, अंकगणित, उलट क्रमाने आकडे सांगणं, काहीही घ्या, सगळ्यांमधले सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) धन येतात. काही कमी, काही जास्त, पण धनच. या समान भागाला त्याने 'जी' म्हटलं, म्हणजे सामान्य घटक. शंभराहून जास्त वर्षं वेगवेगळ्या समाजांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण 'जी' म्हणजे मेंदूतली एखादी गाठ नव्हे. तो सहसंबंधांच्या तक्त्यातून निघालेला सारांश आहे. त्यामागे एकच कारण आहे, की एकमेकांना मदत करणाऱ्या अनेक छोट्या क्षमता, यावर आजही वाद चालू आहे.

लुई थर्स्टनने १९३८ मध्ये एक घटक नाकारून सात प्राथमिक क्षमता मांडल्या, पण त्या सातांमध्येही पुन्हा धन सहसंबंध निघालेच. रेमंड कॅटेलने 'जी'चे दोन भाग केले: नवीन प्रश्न तिथल्या तिथे सोडवणारी तरल बुद्धिमत्ता आणि शिकून साठवलेल्या ज्ञानावर उभी असलेली स्फटिकीभूत बुद्धिमत्ता. पहिली ऐन तारुण्यानंतर उतरू लागते, दुसरी उतारवयापर्यंत टिकते, बऱ्याचदा वाढतेही. जॉन कॅरोलने १९९३ मध्ये ४६० हून जास्त माहितीसंच नव्याने तपासून तीन मजली चित्र मांडलं: वर 'जी', मध्ये आठेक व्यापक क्षमता, तळाशी डझनावारी बारीक कौशल्यं. आजच्या बहुतेक चाचण्या याच आराखड्यावर बांधलेल्या असतात. हॉवर्ड गार्डनरच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्ता शाळांमध्ये फार लोकप्रिय आहेत, पण त्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्याचा पुरावा मोजमापात मिळालेला नाही. वर्गात शिकवण्याची विविधता आणायला त्यांचा उपयोग जरूर करा, निदानासाठी करू नका.

मापनाचा इतिहास एका चुकीपासून सुरू होतो आणि ती चूक शिकण्यासारखी आहे. फ्रान्सिस गॅल्टनने १८८४ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात प्रयोगशाळा थाटली आणि तीन पेन्स घेऊन हजारो लोकांची नजर, कान, हाताची पकड, प्रतिक्रियेचा वेग मोजला. इंद्रियं तीक्ष्ण तर बुद्धी तीक्ष्ण, असा त्याचा कयास. १९०१ मध्ये क्लार्क विसलरने कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर तो तपासला, तर वेग आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध जवळजवळ शून्य आला. कल्पना मोडीत निघाली. गंमत म्हणजे ती थोडी जास्तच मोडीत निघाली: विसलरचा प्रतिक्रिया-वेग मोजक्याच वेळा घेतलेला, म्हणून अविश्वसनीय, आणि सगळे विद्यार्थी आधीच निवडलेले, म्हणून फरकाला वाव कमी. आज नीट मोजलं तर छोटा पण खरा संबंध सापडतो. निवडलेल्या गटात सहसंबंध आटतो, हा सापळा आजही नोकरभरतीच्या अभ्यासांत लोकांना पकडतो.

आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमॉन यांनी वाट बदलली. फ्रेंच सरकारला शाळेत मागे पडणारी, वेगळी मदत लागणारी मुलं ओळखायची होती. त्यांनी १९०५ मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत ३० प्रश्नांची श्रेणी केली, आणि इंद्रियांऐवजी आकलन, तर्क, शब्दांचे अर्थ विचारले. १९०८ मध्ये मानसिक वय आलं. १९१२ मध्ये विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं, १९१६ मध्ये लुईस टर्मनने बिनेच्या चाचणीच्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्याला १०० ने गुणलं. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा, तर १२५. मुलांपुरतं हे बरं चाललं, पण मानसिक वय विशीच्या आत थांबतं आणि खरं वय चालूच राहतं. या हिशोबाने चाळिशीतला प्रत्येक माणूस मंदबुद्धी ठरला असता. १९३९ मध्ये डेव्हिड वेक्सलरने भागाकार टाकून दिला आणि समवयस्कांच्या तुलनेतलं विचलन घेतलं. आजचा बुद्ध्यांक हाच. 'मानसिक वय ÷ खरं वय × १००' हे सूत्र पाठ्यपुस्तकांत अजून भेटतं, पण आजच्या बहुतेक प्रमाणित चाचण्या ते वापरत नाहीत.

आता चाचणी तयार कशी होते ते पाहू, कारण निम्मे घोळ इथूनच येतात. शेकडो प्रश्न लिहून आधी लहान गटावर आजमावतात. प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढतात: किती टक्क्यांना आला, आणि एकूण गुण जास्त असलेल्यांना तो जास्त वेळा आला का. सगळ्यांना येणारा आणि कुणालाच न येणारा प्रश्न निरुपयोगी. त्याहून वाईट म्हणजे हुशार मुलांना चुकणारा आणि बाकीच्यांना येणारा. अशा प्रश्नात बहुधा दुसरा अर्थही निघत असतो. शिवाय एकूण गुण सारखे असूनही एखाद्या भाषिक किंवा सामाजिक गटाला एखादा प्रश्न अवघड जातो का, हे वेगळं तपासतात. उरलेले प्रश्न प्रातिनिधिक नमुन्यावर घेऊन वयानुसार नॉर्म्स, म्हणजे तुलनेचे तक्ते, बनतात. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीच्या पाचव्या आवृत्तीसाठी (२०१४) अमेरिकेत २,२०० मुलं घेतली, दर वर्षाच्या वयोगटात २००.

हा २०० चा आकडा लक्षात ठेवा. १४५ च्या वर सुमारे ७४० मध्ये एक माणूस येतो, म्हणजे २०० च्या गटात एकही नसण्याचीच शक्यता जास्त. १६० तर ३०,००० त एक. म्हणून टोकाचे आकडे हे गणिती वक्र पुढे ओढून काढलेले अंदाज असतात, आणि '१७२ बुद्ध्यांक' असं कुणी सांगितलं की चाचणीचं नाव विचारावं. इंटरनेटवरच्या वीस मिनिटांच्या चाचण्यांना तर नमुनाच नसतो. ज्यांना अशा चाचण्या आवडतात तेच त्या सोडवतात, हवे तितक्या वेळा.

भाषांतराचा घोळ वेगळाच. प्रश्न दुसऱ्या भाषेत नेला की त्याची काठिण्यपातळी बदलते, सोपे ते अवघड हा क्रम विस्कटतो, आणि 'सलग इतके शून्य आले की थांबा' हा नियम मुलाला अवेळी थांबवतो. आकडे लक्षात ठेवण्याची उपचाचणी, म्हणजे चाचणीचा एक भाग, भाषेपासून मुक्त वाटते, तीही नाही. १९८० मधल्या एका अभ्यासात दिसलं की वेल्श अंकांचे उच्चार इंग्रजी अंकांपेक्षा लांब असल्याने त्याच माणसांना वेल्शमध्ये कमी अंक आठवतात. म्हणून भाषांतर पुरत नाही, त्या भाषेतले नवे नॉर्म्स लागतात. रेव्हनच्या आकृतिबंधांच्या चाचणीत (१९३८ पासून, प्रमाण आवृत्तीत १२ च्या पाच संचांत ६० आकृत्या) शब्द लागत नाहीत, पण छापील आकृत्या रोज पाहणाऱ्यालाच ती सोपी जाते. संस्कृतिमुक्त चाचणी असं काही नसतं.

प्रत्यक्ष चाचणी एकास एक, सुमारे ६० ते ९० मिनिटं चालते. शांत खोली, मुलाने जेवलेलं आणि झोप झालेली, चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर लावलेलं. ही शेवटची गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण न तपासलेले कान आणि डोळे हे चुकीच्या निदानाचं फार साधं आणि फार नेहमीचं कारण आहे. सूचना मॅन्युअलमधल्या शब्दांतच वाचायच्या. आकडे सेकंदाला एक या गतीने म्हणायचे. तीन-चारचे गट पाडून म्हटले की मुलाला आयती मदत होते आणि गुण फुगतात. वयानुसार ठरलेल्या प्रश्नापासून सुरुवात, पहिल्या दोनांत चुकलं तर उलट दिशेने मागे, आणि ठरावीक सलग शून्यांवर थांबायचं. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांच्या रचनेत सेकंद मोजायचे. बरोबर-चूक सांगायचं नाही, शाबासकी द्यायची ती प्रयत्नाला.

तोंडी उत्तरं शब्दशः उतरवायची, कारण गुण देणं नंतर असतं. खऱ्या चाचणीतला प्रश्न उघड करणं योग्य नाही, म्हणून एक रचलेला नमुना घेऊ: नदी आणि रस्ता यांत साम्य काय? 'दोन्ही लांब असतात' याला शून्य, 'दोन्हीवरून जाता येतं' याला १, 'दोन्ही वाहतुकीचे मार्ग' याला २. मूल 'जाता येतं' म्हणून थांबलं तर 'आणखी जरा सांग' असं विचारायची मुभा मॅन्युअल कुठे देतं आणि कुठे नाही, हे पाठ हवं. घाईत न विचारणं आणि लाडात जास्त विचारणं, दोन्हींनी निकाल सरकतो. याखेरीज नेहमीच्या चुका अगदी कारकुनी असतात: बेरीज, चुकीच्या वयाचा तक्ता, आणि वय पूर्णांकात काढणं. वय वर्षं-महिने-दिवस असं काढायचं आणि ९ वर्षं ११ महिने २५ दिवसांना १० वर्षं करायचं नाही. तक्ता बदलला की त्याच कच्च्या गुणांचा अर्थ बदलतो.

कच्च्या गुणांतून प्रत्येक उपचाचणीचा सरासरी १० आणि विचलन ३ असलेला गुण निघतो. त्यांच्या बेरजांतून भाषिक आकलन, दृश्य-अवकाशीय, तरल तर्क, कार्यकारी स्मृती (माहिती तात्पुरती मनात धरून वापरणं) आणि प्रक्रियेचा वेग असे निर्देशांक, आणि एकूण बुद्ध्यांक. एक बारकावा पालकांना नेहमी गोंधळात टाकतो: पाचही निर्देशांक ७० च्या आसपास असले तरी एकूण ७० च्या खाली येतो. तक्ता चुकलेला नसतो. एका गोष्टीत मागे असणं तितकं दुर्मीळ नाही, सगळ्यांत एकदम मागे असणं जास्त दुर्मीळ, म्हणून रांगेतली जागा आणखी मागे जाते. वरच्या टोकालाही हेच उलट दिशेने घडतं.

आता ११८ आणि १०९ कडे वळू. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर निकाल किती टिकतो, जास्तीत जास्त १) ०.९६ असेल तर मापनाची प्रमाण चूक १५ × √(१ − ०.९६), म्हणजे ३ गुण. त्यामुळे ९५ टक्के खात्रीसाठी साधारण ६ गुण अलीकडे-पलीकडे धरायचे. ११८ चा अर्थ ११२ ते १२४, १०९ चा अर्थ १०३ ते ११५. हे एकाच चाचणीपुरतं झालं. इथे चाचण्या दोन आहेत, आणि चांगल्या दोन चाचण्यांतला सहसंबंध सुमारे ०.८ धरला तर पहिल्यात ११८ मिळवणाऱ्या मुलांची दुसऱ्यात सरासरी १०० + ०.८ × १८, म्हणजे ११४ च्या जवळ पडते. पहिल्या दिवसाच्या नशिबाचा वाटा दुसऱ्या दिवशी परत मिळत नाही, म्हणून टोकाचा आकडा मध्याकडे सरकतो. त्या ११४ भोवतीही प्रत्येक मुलाचा आकडा ९ गुणांच्या विचलनाने पसरलेला असतो. तेव्हा १०९ हा निकाल अगदी साधा आहे.

त्यात नॉर्म्सचं वय धरा. जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवलं की लोकसंख्येचे गुण दशकाला सुमारे ३ ने वाढत होते. म्हणजे १५ वर्षं जुना तक्ता मुलाला चार-पाच गुण फुकट देतो. सगळीकडे नाही: नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्यांत गुण उतरले, आणि एकाच घरातल्या भावांमध्येही ती उतरण दिसली, म्हणजे कारण आनुवंशिक नव्हे, परिस्थितीचं. पण जुना तक्ता हा पहिला संशयित असावा.

दुसरा संशयित घटकांचं मिश्रण. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण बुद्ध्यांक १० उपचाचण्यांवर होता, त्यातल्या ४ स्मृती आणि वेगाच्या. पाचवीत ७ पैकी २. हळू लिहिणाऱ्या पण तर्काने तल्लख मुलाला पाचवी जास्त मानवेल. तिसरा संशयित मोजपट्टी. स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या आवृत्त्यांचं विचलन १६, कॅटेलच्या एका श्रेणीचं २४. त्या २४ वर ११८ म्हणजे नेहमीच्या पट्टीवर फक्त १११. विचलन न सांगता आकडा सांगणं म्हणजे चलन न सांगता किंमत सांगणं.

हा आकडा पुढचं किती सांगतो? शालेय यशाशी संबंध सहसा ०.५ च्या आसपास, म्हणजे (०.५ चा वर्ग ०.२५) गुणांतल्या फरकाचा पाव भाग. इंग्लंडमधल्या ७०,००० हून जास्त मुलांच्या अभ्यासात (२००७) ११ व्या वर्षीचा सामान्य घटक आणि १६ व्या वर्षीची परीक्षा यांचा संबंध, मापनाची चूक वगळून, ०.८१ आला. नोकरीतल्या कामगिरीसाठी १९९८ पासून ०.५१ हा आकडा सांगितला जाई. २०२२ च्या फेरहिशोबात तो ०.३१ वर आला, कारण निवडलेल्या गटामुळे आटलेला संबंध भरून काढण्यासाठी आधी केलेल्या दुरुस्त्या सढळ होत्या. टिकाऊपणाबद्दल मात्र स्कॉटलंडचा पुरावा बोलका आहे. १ जून १९३२ रोजी तिथल्या ८७,४९८ अकरा वर्षांच्या मुलांची चाचणी झाली, आणि त्यांतल्या १०१ जणांनी ६६ वर्षांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा सहसंबंध ०.६३ निघाला. टिकाऊ म्हणजे अचल नव्हे. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात शाळेचं प्रत्येक जास्तीचं वर्ष १ ते ५ गुण देतं असं दिसलं.

निदानात आकडा एकटा कधी वापरायचा नाही. बौद्धिक अक्षमता म्हणायला ७० च्या आसपासचा (चूक धरून ६५ ते ७५) बुद्ध्यांक, रोजच्या व्यवहारातली अडचण आणि सुरुवात बालपणात किंवा पौगंडावस्थेत, या तिन्ही गोष्टी लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडाचा '७० म्हणजे ७०' हा काटेकोर नियम रद्द केला, कारण त्यात मापनाची चूक धरलेलीच नव्हती आणि प्रश्न फाशीचा होता.

तेव्हा या मुलाचे दोन्ही अहवाल शेजारी ठेवा आणि चार गोष्टी पाहा: चाचणीचं नाव व आवृत्ती, नॉर्म्सचं साल, प्रमाण विचलन, आणि निर्देशांक सुटे. भाषा आणि तर्क दोन्ही वेळा जागच्या जागी असून फक्त वेग १५-२० गुणांनी घसरला असेल, तर बुद्धीची चिंता सोडून डोळे, हस्ताक्षर, झोप, लक्ष आणि चालू औषधं तपासा. सगळेच निर्देशांक थोडे थोडे उतरले असतील तर तक्त्याचं वय पाहा. लिहिणं-वाचणं जमेनासं झालं किंवा येत असलेली कौशल्यं जाऊ लागली, तर चाचणीची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. यातलं काहीच नसेल तर तिसरी चाचणी लगेच घेऊ नका. एकच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा दिली की सरावानेच गुण चढतात, ठोकळे आणि वेगाच्या कामांत सगळ्यांत जास्त.